मुतखडा, प्रोस्टेटचं ऑपरेशन: जंतुसंसर्ग नको असेल तर या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक ऑपरेशनच्या आधीच होते. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हातात नसताना तारीख ठरते. जंतू वाढवून पाहायचे असल्याने त्याला २-३ दिवस लागतात. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून सोलापुरात येणाऱ्यांना जादा फेरी जड जाते, हे खरं आहे. तरीही ती माराच. कातडीला कितीही बीटाडीन (जंतुनाशक औषध) लावलं तरी ते लघवीतल्या जंतूंपर्यंत पोचत नाही. दुर्बिणीने खडा फोडताना आत पाण्याचा दाब वाढतो आणि खड्यात दडलेले जंतू रक्तात उतरू शकतात. नमुना पहिली धार सोडून, निर्जंतुक डबीत द्या. घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी खाऊन दिलात, तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

ऑपरेशनच्या जागेवरचे केस घरी ब्लेडने काढू नका; बारीक जखमांतून संसर्ग होतो. गरज असेल तर दवाखान्यात क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढतील.

ऑपरेशन थिएटरमधल्या मंडळींनाही एक सांगणं आहे: बीटाडीन लावून लगेच पुसू नका, वाळू द्या. स्पिरिटयुक्त द्रावण मूत्रमार्गाच्या नाजूक आवरणाला चालत नाही, आणि ते ओलं असताना कॉटरी (रक्तस्राव थांबवायचं विजेचं उपकरण) वापरली तर पेट घेऊ शकतं.

घरी लघवीची नळी घेऊन आल्यावर नातेवाईक मायेपोटी नळी शरीरात शिरते तिथे रोज डेटॉल लावतात. त्याने आग होते, संरक्षण वाढत नाही. साबण आणि स्वच्छ पाणी पुरतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पिंपातलं पाणी वापरावं लागतं. त्यात हात बुडवू नका, ओगराळ्याने वरून ओता. लघवीच्या पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. नळी आणि पिशवीचा जोड अंघोळीसाठीसुद्धा सोडू नका, जंतूंना तीच वाट मिळते. पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. एसटीत ती मांडीवर घेऊन बसणारे बरेच दिसतात. तशाने लघवी उलटी मूत्राशयात जाते.

दुखणं थांबलं म्हणून आतला स्टेंट (मूत्रपिंडाकडून येणाऱ्या वाटेत ठेवलेली बारीक नळी) विसरू नका. महिनोन्महिने राहिला तर त्यावर क्षार साचतात आणि काढायला पुन्हा मोठं ऑपरेशन लागू शकतं. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख लिहून घ्याच.

थंडी वाजून ताप आला किंवा नळीतून लघवी येणं थांबलं, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.