एका दिवसात बेट पाहायचंय? या चुका टाळा

बेटावरच्या एका दिवसाचा बेत शेवटाकडून आखायला घ्यावा. परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते ते आधी लिहायचं आणि तिथून मागे मागे येत सकाळ गाठायची. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. पाहायच्या जागांची यादी आधी होते, बोटीची वेळ तिकीट काढताना कळते आणि भरती-ओहोटी थेट किनाऱ्यावर उभं राहिल्यावर. उष्ण कटिबंधातल्या बेटावर वेळापत्रक समुद्र, वारा आणि ऊन ठरवतात. आपला बेत त्यात बसवावा लागतो.

सुट्टीचा शेवटचा दिवस बेटासाठी ठेवणं

लहान बोटींच्या फेऱ्या रद्द व्हायला वादळ लागत नाही, वारा वाढला तरी पुरतं. म्हणून चार-पाच दिवसांच्या मुक्कामात बेट दुसऱ्या दिवशी उरकावं. फेरी रद्द झालीच तर पुढचे दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवशी गेलात आणि परतीची बोट अडकली तर दुसऱ्या दिवशीचं विमानही गेलं.

बेटावर स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल डुबकी) करणार असाल तर आणखी एक कारण आहे. डुबकीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा दंडक आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर राहून, मास्क आणि श्वासनळी लावून केलेल्या स्नॉर्केलिंगला तो लागू नाही.

तारीख ठरवण्याआधी बेट त्या दिवसांत उघडं असतं का, हेही पाहा. प्रसिद्ध ठिकाणं हल्ली निसर्ग सावरावा म्हणून बंद ठेवली जातात. थायलंडची माया बे जून २०१८ पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत बंद होती. उघडल्यावरही तिला ऑगस्ट-सप्टेंबरची सुट्टी दिली जाऊ लागली, आणि तिथे पोहायला मनाई आहे. तिथलीच सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. जाहिरातीतले फोटो मात्र बारा महिने दिसतात.

‘सहा-साडेसहा तास मिळतील’ असं धरणं

समजा बोट १० वाजता बेटावर पोहोचते आणि शेवटची बोट साडेचारला सुटते. कागदावर साडेसहा तास दिसतात. पण शेवटची बोट ही राखीव समजायची, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त गर्दी असते आणि ती बिघडली तर तिच्यामागे दुसरी नसते. आपण तिच्या आधीची, साडेतीनची धरू. आता उतरून सामान घेऊन वाहन मिळेपर्यंत अर्धा तास, परत धक्क्यावर यायला वीस मिनिटं, बोट सुटण्याआधी तिथे अर्धा तास, खारं अंग धुऊन कपडे बदलायला वीस मिनिटं, जेवणाला एक तास. वजाबाकी केली की तीन तासही उरत नाहीत.

एवढ्या वेळात एक किनारा आणि आणखी एखादी गोष्ट नीट होते. एका दिवसात पाच बेटं दाखवणाऱ्या सहलीत दिवसाचा मोठा भाग बोटीच्या बाकावर जातो. जेवण बेटावर पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवावं, कारण लहान बेटावर सगळ्या बोटींची माणसं एकाच वेळी जेवायला बसतात.

परतीची वेळ तिकिटावर असली तरी उतरताना बोटवाल्याला पुन्हा विचारा: कुठल्या धक्क्यावरून, किती वाजता? वारा फिरला की काही बेटांवर बोट दुसऱ्या बाजूच्या धक्क्याला लागते.

फोटो पाहून वेळ ठरवणं

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. फोटोत काठापर्यंत निळंशार पाणी असतं. आपण त्याच वेळेला पोहोचतो तर समोर चिखल, शेवाळ आणि उघडा पडलेला खडक.

बहुतेक समुद्रात एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज ११ वाजता भरती असेल तर आठवड्यानंतर ११ च्या सुमारास ओहोटी असणार. मागच्या आठवड्यात कोणी टाकलेल्या फोटोची वेळ या आठवड्यात नेमकी उलटी पडते.

पाणी किती चढतं-उतरतं हेही जागोजाग वेगळं. कॅरिबियन बेटांभोवती हा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो, तिथे भरतीचं कोष्टक न पाहिल्यानं फारसं बिघडत नाही. झांझिबारला उधाणाच्या दिवसांत तो तीन-चार मीटरवर जातो आणि पूर्व किनाऱ्यावर पाणी शेकडो मीटर मागे हटतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमीत कमी चढतं-उतरतं. ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा पट्टा चालत पाहायचा असेल तर उधाणाचे दिवस निवडा. फक्त पोहायचं असेल तर भांगाचे दिवस बरे.

पाणी सहा तासांत सारख्या वेगानं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात तसे दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं आणि ओढ तेव्हाच सर्वांत जास्त असते. स्नॉर्केलिंगसाठी भरतीच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरा. वाळूच्या पट्ट्यावर गेलात तर ओहोटीची वेळ उलटताच परत फिरा. पाणी चढताना पट्ट्याचं टोक शेवटी बुडतं, मधला सखल भाग आधी.

कोष्टक त्याच बेटाचं किंवा सर्वांत जवळच्या बंदराचं घ्यावं, आणि वेळ स्थानिक घड्याळाची आहे ना ते बघावं.

पावसाचं चित्र पाहणं आणि वारा न पाहणं

हवामानाच्या अ‍ॅपवर ढग आणि विजेचं चित्र दिसलं की लोक बेत रद्द करतात. उष्ण कटिबंधात ते चित्र महिनोन्‌महिने रोज दिसू शकतं, आणि प्रत्यक्षात दुपारी एक जोरदार सर येऊन जाते. बोट सुटणार की नाही हे वारा आणि लाटा ठरवतात, तेव्हा तासागणिक वारा पाहा. १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या पुढे वारा असेल तर उघड्या लहान बोटीतला प्रवास अंग भिजवणारा आणि खिळखिळं करणारा होतो.

लाटांच्या आकड्यातही गोम आहे. अंदाजात ‘दीड मीटर’ लिहिलेलं असतं तेव्हा ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून येणारी लाट जवळजवळ दुप्पट असू शकते. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, तेही वाचा. एक मीटरची लाट १२ सेकंदांनी आली तर बोट नुसती डुलते, ५ सेकंदांनी आली तर आपटते.

जमीन तापली की दुपारी वारा वाढतो. त्यामुळे जाताना आरशासारखा वाटलेला समुद्र येताना वेगळा असतो. सकाळची पहिली बोट धरायला सांगतात ते याचसाठी.

बेटाची बाजूही मोसमाप्रमाणे बदलते. फिलिपिन्समधल्या बोराकायचा प्रसिद्ध पांढरा किनारा पश्चिमेला आहे. साधारण नोव्हेंबर ते मे ईशान्येचा वारा असतो तेव्हा तो आडोशाला राहतो, आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की लाटा त्याच्यावरच येतात. त्या दिवसांत पूर्वेची बाजू शांत. ‘सर्वांत सुंदर किनारा’ शोधण्याआधी त्या महिन्यात वारा कुठून वाहतो ते शोधा.

पाठ भाजून घेणं

पाण्यात तोंड खाली घालून तरंगताना थंड वाटतं आणि पाठ, मान, गुडघ्यांच्या मागची बाजू उन्हात राहते. संध्याकाळी खुर्चीला टेकता येत नाही तेव्हा कळतं. सनस्क्रीन लावूनही भाजतं याचं कारण बहुधा मात्रा: प्रौढ माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिली लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा. म्हणजे दोघांत ५० मिलीची एक ट्यूब एकदाही पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, उरलेल्या भागाला सनस्क्रीन. त्यानं प्रवाळाचंही भलं होतं. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळाला अपायकारक मानलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद आहे, पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशानं त्याआधी, २०२० मध्ये बंदी आणली. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सहसा सगळीकडे चालतं.

पाणी माणशी तीन लिटर धरा. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. घट्ट द्रावणानं तहान वाढते आणि पोटही बिघडतं.

बोट लागल्यावर गोळी घेणं

मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ती बोट सुटण्याच्या साधारण तासभर आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून, आणि झोप येते म्हणून तिच्यासोबत मद्य नाही. उपाशीपोटी जाऊ नये, तट्ट जेवूनही नाही. बसायला बोटीचा मध्य किंवा मागची बाजू निवडा, नजर क्षितिजावर ठेवा आणि फोन खिशात. स्पीडबोटीचं नाक फोटोला छान असतं, पण लाटेवरून आपटताना तिथे बसलेल्यांच्या मणक्यांना फ्रॅक्चर झाल्याची उदाहरणं आहेत. गरोदर बाईनं किंवा पाठीचं दुखणं असलेल्यानं तिथे बसूच नये.

पाण्यात उतरताना

अनवाणी उतरू नका. प्रवाळानं कापलेली जखम लहान दिसते पण चिघळते, आणि सागरी साळिंदराचे (सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचे) काटे आत तुटून राहतात. जाड तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेला पाकट (स्टिंगरे मासा) आधीच सरकून जातो.

मास्क भाड्यानं घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकानं श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क जागेवर राहिला तर बसतो. पाणी शिरण्याची नेहमीची कारणं दोन, कडेखाली अडकलेले केस आणि मिशी. मिशीवर थोडं सिलिकॉन ग्रीस लावता येतं. पट्टा आवळणं हा उपाय नव्हे, त्यानं कड वाकडी होऊन गळती वाढते. पाणी शिरलंच तर वर पाहत चौकटीची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकानं जोरात श्वास सोडा. काच धुरकट होत असेल तर आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं विसळा.

प्रवाळाच्या भिंतीला जिथे खिंड असते तिथे पोहायला जाऊ नका, जागा कितीही मोकळी आणि निळी दिसली तरी. भिंतीवरून आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं, आणि बोटींचा रस्ताही तोच असतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहण्याऐवजी आडवं सरका, दमलात तर तरंगत राहून हात वर करा. फुगवायचं स्नॉर्केलिंगचं जाकीट हे लाइफ जॅकेट नव्हे, पोहता न येणाऱ्यानं त्याच्यावर विसंबू नये. लाइफ जॅकेट खांद्यांवर धरून वर ओढून पाहा. ते कानांपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे.

सावली शोधताना नारळाखाली पथारी टाकू नका. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानं कातडीला फोड येतात.

बिघडलंच तर

पाकट किंवा दगडमासा टोचला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हातानं घ्या, कारण वेदनेत चटका कळत नाही. मग दवाखाना गाठा. पेटी जेलीफिशचा (बॉक्स जेलीफिश) डंख झाला तर व्हिनेगर किमान ३० सेकंद ओता. गोडं पाणी किंवा चोळणं नको.

फोन खाऱ्या पाण्यात पडला तर लगेच बंद करा. पाणीरोधक असेल तर गोड्या पाण्यानं हलकेच विसळून पुसा आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यानं मीठ निघत नाही. ड्राय बॅगचं, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीचं तोंड तीन वेळा गुंडाळल्याशिवाय ती आतून कोरडी राहत नाही. तिकीट आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलेले असावेत, कारण बेटावर नेटवर्क जाऊ शकतं आणि एटीएम बंद असू शकतं.

बोट चुकली तर आधी धक्क्यावरच्या कचेरीत जाऊन मालवाहू किंवा कर्मचाऱ्यांची बोट बाकी आहे का ते विचारा. नसेल तर मुक्काम करा. विषुववृत्ताजवळ सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. दिवे आणि लाइफ जॅकेट नसलेल्या मच्छीमार बोटीतून तेव्हा निघणं हा त्या दिवसातला सर्वांत धोक्याचा निर्णय ठरेल. सकाळी पिशवी भरतानाच त्यात दुसऱ्या दिवसापर्यंतची औषधं, चार्जर, एक कोरडा कपडा आणि एका रात्रीच्या खोलीपुरते रोख पैसे टाका.