एकेक नोंद नको, गठ्ठ्याने चढवा

मस्जिद बंदरच्या एका घाऊक मसालेवाल्याची जुनी बिलं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढवत होतो. 50,000 नोंदी आणि प्रत्येकीला वेगळी इन्सर्ट (नोंद घालण्याची) कमांड. खाली जाऊन कटिंग पिऊन आलो, तरी काम चालूच!

हिशेब करून बघा. सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीला 2 मिलिसेकंद धरले, तरी 100 सेकंद नुसत्या जाण्यायेण्यात जातात. त्यात ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक कमांड आपोआप कायम (कमिट) करणं, चालू असेल तर प्रत्येक नोंदीनंतर डेटाबेस आपला लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवर पक्का करत बसतो. खरा वेळ बहुतेकदा तिथेच जातो.

म्हणून एकाच इन्सर्टमध्ये, व्हॅल्यूज या शब्दापुढे स्वल्पविराम देत 500 नोंदींचे कंस लावा, आणि असे काही गठ्ठे मिळून एकच कमिट करा. फार मोठा गठ्ठा मात्र नको. पोस्टग्रेस एका कमांडमध्ये 65,535 पॅरामीटर (कमांडला वेगळ्या पुरवलेल्या किमती; प्रत्येक ओळीच्या प्रत्येक रकान्याला एक) घेतो, म्हणजे 20 रकाने असतील तर जास्तीत जास्त 3,276 ओळी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची मर्यादा तर 2,100 पॅरामीटरचीच, तिथे 100 ओळीही खूप झाल्या.

आणि हे विसरूच नका: एका बिलाची तारीख चुकली तरी अख्खी कमांड फेटाळली जाते. प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला आणि शेवटचा बिल नंबर आपल्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये लिहा, म्हणजे तेवढाच गठ्ठा फोडून चुकीची नोंद शोधता येते.