अॅल्युमिनियमच्या होडीचा रंग पापुद्र्याने निघत होता, तो असा थांबला

मिशिगनमधली आमची मासेमारीची जुनी होडी, १४ फुटी. रंगवल्यावर महिन्याभरात तळाचा रंग नखानेही पापडासारखा अख्खा सुटायचा, खाली धातू लख्ख. दोन उन्हाळे यात गेले, डोकं फिरलं.

आधी नुसता स्प्रे मारला, मग लोखंडाला लावतात तो रेड ऑक्साइड. दोन्ही फुकट. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर सतत चढतो. जुना थर आणि तेलकटपणा असेल तर साधा रंग धरत नाही.

शेवटी सगळा जुना रंग खरवडला. घासण्याआधी डिटर्जंटने धुतली (हा क्रम उलटा केला की तेल ओरखड्यांत बसतं). मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १२०. रिव्हेटांभोवती नायलॉनची घासणी. लोखंडी तारेचा ब्रश नको, कण रुतून गंजतात. धूळ धुताना पाणी नीट बघा: थेंब गोळा झाले तर पुन्हा धुवा, सलग पसरलं तर झालं. वाळल्यावर पांढरं फडकं अॅसिटोनमध्ये भिजवून, काळं यायचं थांबेपर्यंत पुसलं. हातात मोजे, दारं उघडी. तासाभरात इपॉक्सी प्रायमर (दोन डब्यांतलं मिसळून लावायचा अस्तराचा थर), दोन हात. त्यावरचा रंग, मरीन इनॅमल (होड्यांचा तेलरंग), प्रायमरच्या डब्यावर दिलेल्या मुदतीतच.

तांबं असलेला अँटीफाउलिंग रंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो) मात्र लावू नका, अॅल्युमिनियम खातो.

आठवडाभर पाण्यात सोडली नाही. परवा खडीवरून ओढताना ओरखडा पडला; कडेला नख लावून पाहिलं, रंग उचलला नाही.