लेझर करायचंय? पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधी एवढं करून ठेवा

नको असलेले केस काढायला लेझर करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी पॅकेज बघतात, मग क्लिनिक आणि सगळ्यात शेवटी स्वतःची स्किन. मला विचाराल तर हा क्रम बरोबर उलटा पाहिजे, कारण रिझल्ट किती येणार आणि भाजल्याचा डाग पडणार की नाही हे तुम्ही बेडवर आडवं व्हायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं, तुमच्या स्किनचा रंग, मशीन कुठली, महिनाभर तुम्ही काय केलंत आणि डॉक्टरला काय सांगितलंत यावर. म्हणून महिनाभर आधीपासून काय बंद करायचं, काय विचारायचं, काय लपवायचं नाही ते सगळं एका जागी लिहून काढतेय.

पहिलं म्हणजे तुमचे केस लेझरला चालतात का ते बघा. लेझरचा प्रकाश केसातल्या मेलॅनिनमध्ये, म्हणजे केसाला रंग देणाऱ्या द्रव्यात, शोषला जातो, तिथे उष्णता तयार होते आणि ती मुळापर्यंत जाऊन मूळ निकामी करते. म्हणजे केसात काळा किंवा तपकिरी रंग हवाच. पांढरे, पिकलेले, लालसर, सोनेरी केस असतील तर लेझरला धरायला काही मिळतच नाही, आणि हनुवटीवरच्या चार पांढऱ्या केसांसाठी कुणी पॅकेज गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या. त्यासाठी इलेक्ट्रोलिसिस असतं, एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून करंट देतात, वेळ खूप जातो पण तिथे केसाच्या रंगाचा प्रश्न येत नाही. आणि "आयुष्यभराची सुट्टी" वगैरे जाहिरातीत काहीही लिहू देत, अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) ह्या मशिन्सना मान्यता दिलीय ती केस कायमचे कमी करण्यासाठी, एकही केस परत न येण्यासाठी नाही. खूप कमी होतात, जे येतात ते बारीक आणि फिके येतात, आणि वर्षातून एखाददुसरं टचअप लागू शकतं. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढे मनस्ताप होत नाही.

सेशन एकदोनात का संपत नाही ते पण समजून घ्या. प्रत्येक केसाचं चक्र असतं, वाढायचं, थांबायचं, गळायचं, आणि लेझरचा नीट फटका बसतो तो वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसालाच, बाकीचे त्या दिवशी निसटतात. म्हणून साधारण 6 ते 8 सेशन, चेहऱ्याला 4 ते 6 आठवड्यांचं अंतर, अंगाला 6 ते 8 किंवा थोडं जास्तच. एखादा कार्यक्रम डोळ्यासमोर ठेवून करत असाल तर निदान 8-10 महिने आधी सुरू करा. दोन महिन्यांवर तारीख आली असताना सुरू केलं की मग "दोन आठवड्यांनी पुढचं सेशन घेऊया का" अशी घाई होते, त्यात पैसा जातो आणि स्किनला सावरायला वेळ मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. मेलॅनिन फक्त केसात नसतं, स्किनमध्येही असतं. त्यामुळे गव्हाळ, सावळ्या, काळ्या स्किनवर लेझरची काही ऊर्जा केसापर्यंत जायच्या आधीच वरच्या थरात शोषली जाते आणि तिथेच भाजतं, मग काळपट किंवा पांढुरके डाग जे महिनोन् महिने हटत नाहीत. ह्यावर उपाय आहे, योग्य वेव्हलेंग्थ, म्हणजे प्रकाशलहरीची लांबी, जी लेझरच्या प्रकाराप्रमाणे बदलते. अलेक्झांड्राइट लेझर 755 नॅनोमीटर, ती उजळ स्किनला चांगली. डायोड साधारण 800 ते 810, मधली, नीट कूलिंग आणि सेटिंग असेल तर गव्हाळ रंगाला चालते. एनडी-याग 1064, ती खोल जाते आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी शोषली जाते म्हणून गडद स्किनला सगळ्यात सेफ, फक्त बारीक केसांवर तिचा असर थोडा कमी आणि दुखतं थोडं जास्त. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, त्यात एकाच वेळी बऱ्याच वेव्हलेंग्थचा प्रकाश येतो, आणि घरी वापरायची जी उपकरणं मिळतात ती बहुतेक आयपीएलच असतात, गडद स्किनवर ती वापरू नका असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, ते वाचा. तर क्लिनिकमध्ये जाऊन विचारायचं ते हे: मशीन कुठली, वेव्हलेंग्थ किती, माझा फिट्झपॅट्रिक टाईप तुम्ही कितवा धरलाय (स्किनच्या रंगाचे प्रकार, 1 ते 6 असतात, 1 म्हणजे अगदी गोरी, 6 म्हणजे सगळ्यात गडद), माझ्यासारख्या रंगाच्या लोकांवर ही मशीन इथे रोज चालते का. "आमची मशीन सगळ्यांना चालते मॅडम" एवढंच उत्तर मिळालं तर पुढचं क्लिनिक बघा. हेही विचारा की हँडपीस (मशीनचा स्किनवर टेकवायचा भाग) प्रत्यक्ष कोण धरणार, आणि काही झालं तर त्वचारोगतज्ज्ञ तिथे हजर असतो की फक्त बोर्डावर नाव असतं. हे विचारताना संकोच वाटू देऊ नका, स्किन तुमची आहे.

चेहऱ्याबद्दल वेगळं सांगते. हनुवटी, जबडा, छाती, बेंबीखाली असे जाड केस अचानक वाढले असतील, पाळी अनियमित असेल, पिंपल्स हटत नसतील, तर लेझरच्या आधी डॉक्टरकडे जाऊन हार्मोन्सच्या टेस्ट करून घ्या. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर लेझर चालतं, नक्की चालतं, पण लेझर आत्ता असलेले केस मारतं, हार्मोन्समुळे उद्या जी लव जाड व्हायची आहे तिला ते थांबवू शकत नाही, म्हणून दोन्ही उपचार बरोबर चालले तरच समाधान मिळतं. मुलींना ह्या केसांवरून किती ऐकून घ्यावं लागतं ते मला माहितीये, आणि म्हणूनच वाटतं की आधी कारण शोधावं, नाहीतर सेशनवर सेशन होतात आणि ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसते. दुसरं, गालावरची नुसती बारीक लव काढायला लेझर मारून घेऊ नका. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः गव्हाळ-सावळ्या स्किनवर, कधीकधी उलटंच होतं, लव जाड आणि काळी व्हायला लागते किंवा शेजारच्या भागात केस वाढतात. रोज होतं असं नाही, पण होतं, आणि ह्याबद्दल आधी सांगणारं क्लिनिक प्रामाणिक समजा. भुवयांच्या खाली आणि डोळ्याच्या खोबणीच्या आत तर कुणाला हात लावू देऊ नका, गॉगल असला तरी डोळ्याला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

डॉक्टरला सांगायच्या गोष्टी मोबाईलमध्ये लिहूनच न्या, ऐन वेळी आठवत नाही. चालू असलेली सगळी औषधं, पिंपल्सच्या गोळ्या धरून. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही अँटिबायोटिक्सनी स्किन उजेडाला जास्त रिअॅक्ट होते. आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सवरची एक गोळी) घेत असाल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर ते सांगाच, पूर्वी सरसकट 6 महिने थांबायला लावायचे, आता बऱ्याच तज्ज्ञांचं मत एवढं कडक नाहीये, पण तो निर्णय डॉक्टरने घ्यायचा. रेटिनॉलवाली, अॅसिडवाली क्रीम्स किती दिवस आधी थांबवायची ते विचारा. ओठांवर कधी तापाचे फोड आले असतील तर आवर्जून सांगा, लेझरने ते परत उठू शकतात आणि त्यासाठी आधीपासून गोळी सुरू करता येते. जखम झाली की जाड वण उठतो अशी स्किन असेल तर तेही. प्रेग्नन्सीत सहसा पुढे ढकलतात. टॅटू किंवा परमनंट मेकअप असेल तर त्यावर लेझर अजिबात नाही, शाई सगळी उष्णता ओढून घेते. तीळ झाकायला सांगा, आणि एखादा तीळ आकार-रंग बदलत असेल तर तो आधी दाखवून घ्या.

महिनाभर आधी वॅक्सिंग, थ्रेडिंग, प्लकिंग, एपिलेटर सगळं बंद. ह्यांनी केस मुळासकट उपटला जातो आणि मूळच नसेल तर लेझर जाळणार काय. मधल्या काळात रेझर चालतो, ट्रिमर चालतो, आणि रेझरने केस जाड होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं एवढंच. सेशन्सच्या मधल्या महिन्यांतही हाच नियम. ब्लीच पण नको, केसाचा रंगच गेला तर सगळं फुकट. आणि ऊन! चारेक आठवडे त्या भागावर उन्हाचा टॅन येऊ द्यायचा नाही, 30 किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन रोज, परत परत. टॅन झालाच तर लपवू नका, अपॉइंटमेंट पुढे घ्या, एक महिना उशीर परवडला पण टॅन झालेल्या स्किनवर नेहमीच्या सेटिंगने मारलेला शॉट परवडत नाही.

टेस्ट पॅचशिवाय पूर्ण सेशन नको. छोट्याशा जागेवर दोनचार शॉट मारतात आणि बघतात. निदान दोन दिवस थांबा, गडद स्किन असेल तर आठवडाभर थांबलेलं बरं कारण डाग उशिरा दिसायला लागतात. "लगेच करून टाकू, काही होत नाही" म्हटलं तरी थांबा.

आदल्या दिवशी शेव्ह. नवीन ब्लेड, भरपूर फोम, हलका हात, एकाच जागी चार वेळा घासायचं नाही कारण सोललेल्या स्किनवर लेझर झोंबतं. पाठीला किंवा जिथे हात पोचत नाही तिथे कुणाची तरी मदत घ्या. केस वर लांब राहिले तर ते स्किनवरच जळतात आणि ऊर्जा खाली मुळापर्यंत पोचत नाही, खोलीत करपलेला वास येतो तो वेगळाच, त्यासाठी धूर ओढणारं मशीन चालू आहे ना ते बघा.

बधीर करणाऱ्या क्रीमबद्दल हात जोडून सांगते, स्वतःच्या मनाने दुकानातून आणून अंगभर फासू नका. 2007 मध्ये एफडीएने ह्यावर जाहीर इशारा दिला होता, कारण लेझरच्या तयारीसाठी 22 आणि 25 वर्षांच्या दोन मुलींनी पायांना कडक स्ट्रेंग्थचं क्रीम लावून वरून प्लास्टिक गुंडाळलं होतं, औषध रक्तात जास्त गेलं, फिट्स आल्या, कोमात गेल्या आणि दोघीही वारल्या. क्रीम किती टक्क्यांचं, किती जागेवर, किती वेळ हे डॉक्टरने सांगायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं नाही, गरम शेक द्यायचा नाही. बऱ्याच जणांना क्रीमची गरजच पडत नाही, शॉट म्हणजे रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका असतो, बिकिनी आणि वरच्या ओठाला जास्त, पायाला कमी, आणि कूलिंग चांगलं असेल तर सहन होतं.

त्या दिवशी स्वच्छ कोरडी स्किन, डिओ नाही, परफ्यूम नाही, क्रीम नाही, मेकअप नाही, सैल सुती कपडे. गॉगल तुम्हाला आणि ऑपरेटरला, दोघांनाही. काही शॉट झाल्यावर चटका जाऊन भाजल्यासारखी सलग आग होत असेल तर तोंड दाबून सहन करू नका, थांबायला सांगा, सेटिंग कमी करायला लावा.

नंतर केसांच्या मुळाशी बारीक लालसर पुरळासारखं उठतं, काही तास ते दोनतीन दिवस, ते नॉर्मल. गार पाण्याची पट्टी ठेवा, एकदोन दिवस गरम पाण्याची अंघोळ, जिम, स्विमिंग, स्क्रब टाळा, सनस्क्रीन चालूच. मग एक ते तीन आठवड्यांत केस वाढताहेत असं वाटतं, काळे ठिपके वर येतात, जवळून बघितलं तर प्रत्येक टोक सैल झालेलं असतं आणि टॉवेलने पुसताना अलगद निघून येतं. ते गळणारे केस आहेत, चिमट्याने ओढू नका, खाजवू नका. पण फोड आला, खपली धरली, स्किन करडी किंवा पांढरी पडली, दुसऱ्या दिवशीही आग कमी झाली नाही तर लगेच फोटो काढून डॉक्टरला पाठवा आणि प्रत्यक्ष जाऊन दाखवा, रिसेप्शनवरून "एवढं होतंच" ऐकून गप्प बसू नका. आणि प्रत्येक सेशननंतर मशीन, फ्लुएन्स (ऊर्जा किती), पल्स विड्थ (एक शॉट किती वेळाचा), स्पॉट साइज (एका शॉटची जागा किती) हे आकडे मागून लिहून ठेवा, पुढे क्लिनिक बदललं किंवा ऑपरेटर बदलला तर नव्या माणसाला पहिल्यापासून अंदाज बांधत बसावं लागत नाही.