दोन सारख्या निळ्यांतला एक निवडताना

शेडकार्डावर शेजारी शेजारी छापलेल्या दोन फिक्या निळ्या रंगांत जो फरक जेमतेम जाणवतो, तोच घरच्या भिंतीवर रंगाचे दोन हात बसल्यानंतर ठळक होतो. म्हणून अखेरची निवड दुकानात न करता, जी खोली रंगवायची तिथेच करावी.

प्रथम दोन्ही रंगांचा झुकाव ओळखावा. बहुतेक निळे रंग हिरव्याकडे तरी कलतात, नाहीतर जांभळ्याकडे. पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहाव्यात, आणि तरीही उमज पडत नसेल, तर कार्डावरील त्याच ओळीतली सर्वांत गडद छटा पाहावी, कारण फिक्या रंगात दडलेला कल तिथे स्पष्ट दिसतो.

गोव्यातल्या घरांत हा कल फार महत्त्वाचा ठरतो. खिडकीबाहेर माड-पोफळी असतील, तर पानांवरून परतून आत येणारा उजेडच हिरवट असतो. फोंडा तालुक्यातील आमच्या घरी कुळागराकडच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेकडच्या, खोलीसाठी मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हिरव्याकडे कलणारा निळा पसंत केला होता; भिंतीवर तो चक्क समुद्री हिरवा दिसू लागला आणि खोली पुन्हा रंगवावी लागली. अशा ठिकाणी किंचित जांभळ्याकडे कलणारा निळा घ्यावा, कारण हिरवट उजेडात त्याचा जांभळेपणा शमतो. मात्र जमीन जुन्या पद्धतीची लाल सिमेंटची असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल, तर भिंतीच्या खालच्या भागात हाच रंग अधिक जांभळट भासेल, हेही ध्यानात ठेवावे.

नमुन्यासाठी साधारण दोन फूट लांबी-रुंदीचे दोन जाड पुठ्ठे घेऊन त्यांवर पांढरा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. चहूबाजूंनी पांढरी कड मोकळी सोडावी, कारण जुन्या पिवळसर भिंतीला टेकलेला निळा आहे त्याहून अधिक निळा वाटतो. रंग पुरता वाळू द्यावा. पावसाळ्यात त्याला वेळ लागतो. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले की त्यांच्यातला फरक फुगून दिसतो, पण घरात शेवटी एकच रंग राहणार असतो. म्हणून एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, असे भिंतीला लावून पाहावे.

सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि दिवे लागल्यावर पाहावे. उजेड मंदावला की तांबड्याच्या तुलनेत निळा अधिक उजळ भासतो, हे पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवले होते. रात्री 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली फिका निळा करडा पडतो, 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तो टवटवीत राहतो. दिवे बदलायचे असतील तर ते आधी बदलावेत. ज्या वेळी ती खोली सर्वाधिक वापरली जाते, त्या वेळचा कौल प्रमाण मानावा. झोपण्याच्या खोलीत दुपारच्या उन्हात रंग कसा दिसतो याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही.

चतुर्थीपूर्वी रंगकाम काढणाऱ्यांनी ढगाळ दिवसाबरोबर एखादी उघडीपही नमुन्यासाठी साधावी, आणि ओल आलेल्या भिंतीवर रंग मुळीच लावू नये. निवड झाल्यावर लागेल तेवढा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा, कारण नंतर आणलेल्या डब्याची छटा थोडी हलू शकते. शेडचा क्रमांक उरलेल्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा.