उमेदवाराला कामाचे खरे चित्र कसे दाखवावे

काही वर्षांपूर्वी मी एका ग्राहक सेवा केंद्रासाठी भरती करत होते. तेथे रुजू झालेल्या एका मुलीने नवव्या दिवशी राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. कारण विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बोलायचं काम आहे, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. दिवसभर लोकांचा राग ऐकून घ्यायचा आहे, हे कुणीच सांगितलं नव्हतं." या नोकरीसाठी तिने आधीची नोकरी सोडली होती. आमच्या जाहिरातीत 'उत्तम संवादकौशल्य' आणि 'उत्साही वातावरण' हे शब्द होते आणि त्यांतला एकही शब्द खोटा म्हणता आला नसता, तरीही त्या जाहिरातीने तिची फसवणूकच केली होती. भरती करणाऱ्याने काय सांगितले यापेक्षा काय सांगायचे राहिले याची किंमत उमेदवाराला मोजावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

हा विषय नवा नाही. 1956 साली जोसेफ वाइट्झ या मानसशास्त्रज्ञाने आयुर्विमा एजंट होऊ इच्छिणाऱ्या काही अर्जदारांना त्या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप सांगणारी पुस्तिका दिली, तेव्हा पुस्तिका न मिळालेल्यांपेक्षा ते अर्जदार कामावर अधिक टिकले. 1973 साली जॉन वॅनस यांनी टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत काही उमेदवारांना नेहमीचा गोडगोड माहितीपट दाखवला आणि इतरांना कामातील कंटाळा व कडक देखरेख यांसह सारे दाखवणारा माहितीपट दाखवला. दुसरा माहितीपट पाहून उमेदवारांनी नोकरीकडे पाठ फिरवली नाही; त्यांच्या अपेक्षा मात्र अधिक वास्तव झाल्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. पुढे अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा गळतीवर होणारा परिणाम बेताचाच असल्याचे दिसले. म्हणून खरे चित्र दाखवले की राजीनामे थांबतील, असे आश्वासन मी कुणाही व्यवस्थापकाला देत नाही. मात्र संस्था आपल्याशी प्रामाणिक आहे असे उमेदवाराला वाटणे हे या परिणामामागचे एक महत्त्वाचे कारण आहे, असेही त्याच संशोधनातून पुढे आले, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

माहिती कुणाकडून घ्यावी

खरे चित्र एचआरच्या टेबलावर तयार होत नाही. दहा वर्षे तेच काम करणाऱ्या माणसालाही ते नीट सांगता येत नाही, कारण पहिल्या महिन्यात काय जड गेले होते हे तो विसरलेला असतो. ज्यांना रुजू होऊन तीन महिने ते एक वर्ष झाले आहे, अशा पाच-सहा जणांशी स्वतंत्रपणे बोलावे आणि त्या वेळी त्यांचा टीम लीड खोलीत नसेल याची काळजी घ्यावी. "काम कसे वाटते?" असे विचारल्यास "चांगले आहे" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी "पहिल्या महिन्यात कोणत्या गोष्टीची तुम्हाला कल्पनाच नव्हती?" असे विचारावे, किंवा "तुमच्या धाकट्या भावाला येथे अर्ज करायचा असेल, तर त्याला आधी काय सांगाल?" असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नावर माणसे क्षणभर थांबतात आणि मग खरे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

जे सोडून गेले त्यांच्याशीही बोलणे आवश्यक आहे. शेवटच्या दिवशी घेतलेल्या एक्झिट इंटरव्ह्यूत 'चांगली संधी मिळाली' यापलीकडे फारसे हाती लागत नाही, कारण त्या व्यक्तीला अनुभवपत्र आणि राहिलेला पगार मिळायचा असतो. तीन-चार महिन्यांनी, सर्व हिशेब पूर्ण झाल्यावर, फोन करून परवानगी घेऊन विचारल्यास मोकळे उत्तर मिळते.

काय सांगावे

जमलेली सगळीच माहिती उमेदवारासमोर ओतू नये. जी गोष्ट बहुतेकांच्या वाट्याला येते, जी बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही आणि जिच्यामुळे माणसे खरोखर सोडून जातात, ती आधी घ्यावी. कँटीनमधल्या गैरसोयीसारख्या किरकोळ तक्रारींनी पान भरले, तर महत्त्वाची गोष्ट त्यात हरवते.

विशेषणे टाळावीत, हा माझा सर्वांत ठाम सल्ला आहे. 'कामाचा ताण असतो' या वाक्यातून उमेदवाराला काहीच कळत नाही, कारण प्रत्येक जण आपल्याला झेपेल एवढाच ताण डोळ्यांसमोर आणतो. त्याऐवजी असे लिहावे: "महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत हिशेब बंद होईपर्यंत रात्री नऊ-साडेनऊपर्यंत थांबावे लागते, इतर दिवशी बहुधा साडेसहाला निघता येते." ग्राहक सेवेच्या कामासाठी आम्ही पुढे जे माहितीपत्रक केले, त्यात एका शिफ्टमध्ये साधारण किती कॉल येतात, दोन कॉलच्या मध्ये किती सेकंद मिळतात, ग्राहक अपशब्द वापरू लागल्यास कॉल केव्हा बंद करण्याची मुभा आहे आणि शौचालयाला जाण्यासाठी कुणाला सांगावे लागते, हे सारे लिहिले होते. शेवटचा मुद्दा लिहिताना आमच्या व्यवस्थापकांना संकोच वाटला. तो संकोचच पुढे उपयोगी पडला, कारण ती पद्धत महिन्याभरात बदलली गेली.

चांगल्या गोष्टीही इतक्याच नेमकेपणाने सांगाव्यात. 'शिकण्याच्या भरपूर संधी' असे लिहिण्यापेक्षा गेल्या वर्षी या पदावरच्या किती जणांना बढती मिळाली आणि त्यासाठी त्यांना किती काळ लागला, हे सांगावे. केवळ अडचणींची यादी वाचून दाखवणे हेही खोटेच चित्र आहे, आणि काही भरती करणारे प्रामाणिकपणाच्या नावाखाली उमेदवाराला घाबरवतात, तेही अयोग्य आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पगार वेळेवर होत नसेल किंवा एखादा वरिष्ठ कर्मचाऱ्यांचा अपमान करत असेल, तर ती उमेदवाराला आधी सांगून मोकळे होण्याची गोष्ट नाही; ती दुरुस्त करण्याची गोष्ट आहे. "आम्ही आधीच सांगितले होते" हे वाक्य अन्यायावर पांघरूण म्हणून वापरता येत नाही.

केव्हा सांगावे

बहुतेक संस्था नेमक्या याच ठिकाणी चुकतात. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणात सर्व काही प्रामाणिकपणे सांगितले जाते, परंतु तोपर्यंत उमेदवाराने जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, घर बदललेले असते आणि इतर ऑफर नाकारलेल्या असतात. 'नाही' म्हणणे त्याला परवडत असते तेव्हाच त्याला सारे कळायला हवे. म्हणून वेतनाची मर्यादा, शिफ्टची वेळ, प्रवास आणि सुट्ट्यांची पद्धत जाहिरातीतच किंवा पहिल्या फोनवर सांगावी. कामातील कठीण भाग मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीपर्यंत सविस्तर मांडावा आणि प्रत्यक्ष काम पाहण्याची संधी ऑफर लेटर देण्यापूर्वीच द्यावी. त्यानंतर विचार करायला किमान दोन दिवस द्यावेत. "आजच कळवा" असा तगादा लावल्यास आधीचा सारा प्रामाणिकपणा वाया जातो.

कसे सांगावे

माहितीपत्रक उपयोगी पडते, पण समोरासमोरचे बोलणे अधिक उपयोगी पडते, कारण त्यात उमेदवाराला स्वतःचे प्रश्न विचारता येतात. हे बोलणे त्याच पदावर काम करणाऱ्या व्यक्तीने करावे आणि त्या वेळी निवड करणारा अधिकारी तेथे नसावा. उमेदवाराने रजेबद्दल किंवा रात्रपाळीबद्दल काय विचारले, हे निवड समितीपर्यंत जाणार नाही, असे त्याला स्पष्ट सांगावे आणि तो शब्द पाळावा. रजेची चौकशी करणारा माणूस कामचुकार असतो, हा समज मी अनेक मुलाखतींत पाहिला आहे, आणि त्यानेच उमेदवारांची तोंडे बंद होतात.

शक्य असल्यास उमेदवाराला अर्धा दिवस काम करणाऱ्याच्या शेजारी बसवावे. आमच्या केंद्रात आम्ही त्याला दुसरा हेडफोन देत असू. ग्राहकांची नावे व क्रमांक काढून टाकलेली तीन रेकॉर्डिंग त्याला ऐकवली जात: एक साधे, एक लांबलेले आणि एक संतापाचे. तिसरे ऐकताना एका उमेदवाराने हेडफोन काढून हातात धरला, थोडा वेळ तो तसाच बसला आणि मग त्याने विचारले, "असा कॉल झाल्यावर लगेच पुढचा घ्यावा लागतो का?" इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही मुलाखतीत ऐकायला मिळाला नव्हता. अशा अर्ध्या दिवसात उमेदवाराकडून संस्थेला उपयोगी पडणारे खरे काम करून घेतले जाणार असेल, तर त्याचा मोबदला द्यायला हवा.

सांगून झाल्यावर उमेदवार मान हलवतो, त्यावर विसंबू नये. नोकरीची गरज असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "यांपैकी तुम्हाला सर्वांत जड काय जाईल आणि त्या वेळी तुम्ही काय कराल?" असे विचारले की चित्र त्याच्या मनात उतरले आहे की नाही, हे कळते. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तो हे ऐकूनही रुजू होईल. तरीही पुढे काय येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे तो मनाची तयारी करून येईल आणि पहिला वाईट दिवस त्याला स्वतःचा दोष वाटणार नाही.

चांगले उमेदवार निघून जातील, असा आक्षेप व्यवस्थापक घेतात. काही जण जातील हे खरे आहे. परंतु ते प्रशिक्षणाचा खर्च होऊन गेल्यावर जाण्याऐवजी आधी जातात, आणि जाताना आपल्याविषयी कडवटपणा घेऊन जात नाहीत.

माहितीपत्रक एकदा लिहून कपाटात ठेवू नये, कारण शिफ्ट बदलतात, टार्गेट बदलतात आणि जुनी खरी माहिती पाहता पाहता खोटी होते. प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला तीस आणि नव्वद दिवसांनी एकच प्रश्न विचारावा: "आम्ही सांगितले त्यापेक्षा वेगळे काय निघाले?" दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली, तर ती त्याच आठवड्यात पत्रकात घालावी आणि बदलाची तारीख पानाच्या वरच्या बाजूला, उमेदवाराला दिसेल अशी लिहावी.