फोल्डरमधूनच कमांड प्रॉम्प्ट उघडा, सीडी-सीडी खेळत बसू नका

फाइल एक्सप्लोररमध्ये हवा तो फोल्डर समोर उघडा असतो. तरी लोक स्टार्टमध्ये जातात, कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, शोधतात, ती उघडतात आणि सीडी (फोल्डर बदलायची आज्ञा), एक फोल्डर, एंटर. सीडी, पुढचा फोल्डर, एंटर करत एकेक पायरी उतरत बसतात. मध्येच एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकतं आणि पुन्हा पहिल्यापासून. हे शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ आजही निघतात, त्याचं मला नवल वाटतं. जिथे काम करायचं तिथे तुम्ही आधीच उभे आहात, खिडकी तिथेच उघडायची.

सुरुवातीलाच एक सांगतो. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही त्या इंग्रजीतच टाइप करायच्या. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असेल तर भलतंच उमटतं. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज की धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

आता मुख्य कृती. फोल्डर उघडा, ऑल्ट आणि डी दाबा, सीएमडी (कमांड प्रॉम्प्टचं छोटं नाव) टाइप करा, एंटर. झालं. ऑल्ट-डीनं कर्सर वरच्या ॲड्रेस बारमध्ये जातो आणि तिथला पत्ता निळा होतो; तो तसाच राहू द्या, सीएमडीचं पहिलं अक्षर पडलं की तो आपोआप जातो. विंडोज ७ असो, १० असो की ११, हे सगळीकडे चालतं. सेटिंगला हात लावायला नको, काही डाउनलोड करायला नको.

राइट क्लिकचा रस्ताही आहे, पण त्याच्यावर भरवसा ठेवावा असं त्याचं वागणं नाही. पूर्वी शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की कमांड विंडो उघडायचा पर्याय यायचा. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटनंतर विंडोज १० मध्ये त्या जागी पॉवरशेल आलं, आज्ञा देण्याची विंडोजचीच दुसरी, नवी खिडकी. विंडोज ११ मध्ये शिफ्ट न धरताही ‘ओपन इन टर्मिनल’ दिसतं (टर्मिनल म्हणजे हे दोन्ही चालवणारी खिडकी), आणि त्यातही आधी पॉवरशेलच उघडतं. पॉवरशेल वाईट नाही, पण तुमच्याकडची आज्ञा सीएमडीची असेल तर ती तिथे अडते. डीआयआर स्लॅश बी, म्हणजे फाइलींची नुसती नावं दाखवणारी आज्ञा, हे साधं उदाहरण. अशा वेळी खिडकी बंद करू नका. त्याच खिडकीत सीएमडी लिहून एंटर मारा, त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट सुरू होतो. रोजच लागत असेल तर टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग उघडा आणि डीफॉल्ट प्रोफाइल म्हणून कमांड प्रॉम्प्ट निवडा.

जुना पर्याय परत आणायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या कोठारात, शिरून मालकी बदला, अमुक व्हॅल्यूचं नाव बदला, असा सल्ला जागोजागी मिळेल. चार अक्षरंही टाइप करावी लागू नयेत म्हणून रजिस्ट्रीची मालकी कोण बदलतं? सोडून द्या.

ॲड्रेस बारची युक्ती दोन-तीन ठिकाणी मात्र फसते. ‘धिस पीसी’ किंवा शोधाच्या निकालांची यादी हे खरे फोल्डर नाहीत, त्यामुळे खिडकी दुसरीकडेच कुठेतरी उघडते. उघडून ठेवलेल्या झिप फाइलचंही तेच. आधी ती एक्स्ट्रॅक्ट करा. आणि त्या फोल्डरातच सीएमडी नावाचा पोटफोल्डर असेल, जसा गिट या प्रोग्रामरांच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनमध्ये असतो, तर एक्सप्लोरर त्या पोटफोल्डरात जातो. तिथे सीएमडी डॉट ईएक्सई असं पूर्ण नाव द्या.

इथवरचं शाळेतलं पोरही करेल. गाडी अडते ती ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात तेव्हा.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबलं की परवानगी विचारून ॲडमिनची खिडकी उघडते. पण ती तुमच्या फोल्डरात उघडत नाही, उघडते विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये. तुमच्या मनात अजून तुमचाच फोल्डर असतो, खिडकी उभी असते विंडोजच्या काळजात, आणि हातात अधिकार सगळे. अशा वेळी फाइली पुसण्याची आज्ञा दिली तर? सगळंच जाणार नाही, बऱ्याच सिस्टम फाइलींना वेगळं संरक्षण असतं. पण जे जाईल ते रिसायकल बिनमध्येही सापडणार नाही, कारण कमांडनं पुसलेलं तिथे जातच नाही. म्हणून ॲडमिनच्या खिडकीत माझा नियम पक्का आहे: आधी > या चिन्हाच्या डावीकडे काय लिहिलंय ते वाचायचं, मगच बोटं चालवायची. घाईतही. घाईत तर जास्तच.

मग आपल्या फोल्डरात यायचं कसं? एक्सप्लोररमध्ये फोल्डरवर शिफ्ट धरून राइट क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या. विंडोज ११ मध्ये फोल्डर निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तरी पुरतं. पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांसकट कॉपी होतो, ती चिन्हं काढू नका. आता काळ्या खिडकीत सीडी, स्पेस, स्लॅश डी, स्पेस एवढं लिहा, कंट्रोल-व्ही करा, एंटर.

ते स्लॅश डी गाळू नका. अर्ध्या जगाचं डोकं इथेच फिरतं. खिडकी सी ड्राइव्हवर आहे आणि तुम्ही डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता देऊन नुसतं सीडी केलंत, तर ना एरर येते, ना जागा बदलते. खिडकी सीवरच राहते आणि तुम्हाला वाटतं आज्ञा चालली. हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, वारसा आहे: प्रत्येक ड्राइव्हचा चालू फोल्डर वेगळा लक्षात ठेवला जातो. नुसत्या सीडीनं डी ड्राइव्हचा फोल्डर बदलून ठेवला, पण तुम्हाला डीवर नेलं नाही. नंतर डी आणि कोलन (:) देऊन एंटर मारलं तर थेट त्याच फोल्डरात पोचता, म्हणजे आज्ञा वाया गेलेली नव्हती. स्लॅश डी ही दोन्ही कामं एका फटक्यात करतं. पॉवरशेलमध्ये मात्र ते लावू नका. तिथे नुसतं सीडी पुरतं आणि स्लॅश डीनं उलट एरर येते.

याहून पिडणारा प्रकार ऑफिसात भेटतो. सर्व्हरवरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो, एक्सप्लोररमध्ये छान दिसतो, आणि ॲडमिनच्या खिडकीत झेड लिहिलं की असा ड्राइव्हच नाही म्हणून उत्तर येतं. लोक केबल तपासतात, मशीन रीस्टार्ट करतात, नेटवर्कवाल्याला फोन लावतात. काहीही बिघडलेलं नसतं. साधी खिडकी आणि ॲडमिनची खिडकी विंडोजच्या हिशेबी दोन वेगळी लॉगिन आहेत, आणि एकानं जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्याला दिसत नाही. उपाय असा: साध्या खिडकीत नेट यूज ही आज्ञा द्या. झेडच्या शेजारी सर्व्हरचा खरा पत्ता दिसेल, दोन बॅकस्लॅशनं सुरू होणारा. तो घेऊन ॲडमिनच्या खिडकीत सीडी नव्हे, पुशडी (पी-यू-एस-एच-डी) आणि पुढे तो पत्ता द्या. सीडीला असा नेटवर्कचा पत्ता चालत नाही. पुशडी त्याला तात्पुरतं एक ड्राइव्हचं अक्षर देऊन तुम्हाला आत नेतं. काम झालं की पॉपडी (पी-ओ-पी-डी), ते अक्षर मोकळं होतं.

बॅच फाइलवर, म्हणजे आज्ञा ओळीनं लिहून ठेवलेल्या फाइलवर, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं तरी हाच घोळ: फाइल शेजारचं काही शोधायला जाते आणि सिस्टम३२ मध्ये शोधत बसते. फाइलच्या वरच्या ओळींतच सीडी स्लॅश डी लिहून पुढे अवतरणचिन्हांत टक्क्याचं चिन्ह, टिल्ड (~), डी, पी आणि शून्य हे सलग लिहा. याचा अर्थ ‘ही बॅच फाइल जिथे आहे तो फोल्डर’. दुसऱ्याला बॅच फाइल पाठवताना ही ओळ नसेल तर शिव्या तुम्हालाच पडणार आहेत.

विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर यातला बराच व्याप वाचतो. सेटिंगमध्ये डेव्हलपरांसाठीच्या भागात सुडो (एस-यू-डी-ओ) नावाची, ॲडमिनच्या अधिकारानं आज्ञा चालवायची सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू केली की फोल्डरातल्या साध्या खिडकीत सुडो सीएमडी लिहायचं. ॲडमिनची खिडकी त्याच फोल्डरात उघडते. ऑफिसच्या मशीनवर ही सोय बंद ठेवलेली असू शकते, तेव्हा वरचा लांबचा रस्ता येत असलेला बरा.

एवढ्या खटपटीनं तिथे पोचून करायचं काय? माझ्याकडे लोक सर्वाधिक वेळा येतात ते फोल्डरातल्या फाइलींच्या नावांची यादी काढून द्या म्हणून. डीआयआर, स्पेस, स्लॅश बी, मग > हे चिन्ह, मग फाइलचं नाव, समजा यादी डॉट टीएक्सटी. त्याच फोल्डरात फाइल तयार होते. यादीत तिचं स्वतःचं नावही येतं, ते पुसून टाका.

आपल्याकडे यात एक वेगळी मेख आहे. फाइलींची नावं मराठीत असतील, ‘सातबारा उतारा’, ‘आईचे रिपोर्ट’ अशी, तर यादीत नुसती प्रश्नचिन्हांची रांग मिळते. फाइली शाबूत असतात. खिडकीच्या जुन्या अक्षरसंचात देवनागरी नसते, एवढंच. यादी काढण्याआधी त्याच खिडकीत सीएचसीपी, स्पेस, ६५००१ एवढं द्या (आकडेही इंग्रजीच) आणि मग डीआयआरची आज्ञा पुन्हा चालवा. काळ्या खिडकीत तेव्हाही अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर तिकडे लक्ष देऊ नका, तो फॉन्टचा प्रश्न आहे. यादी नोटपॅडमध्ये उघडा, तिथे जोडाक्षरांसकट सगळं नीट आलेलं असतं. खिडकी बंद केली की ही सेटिंग जाते, म्हणून दर नव्या खिडकीत ती पुन्हा द्यावी लागते.